घरचे पाहुणे आणि टिटवीचं कुंपण

एका जंगलात एक तळं होतं. जंगलाला नाव नव्हतं, तळ्याला होतं. त्याला सगळे जुनं तळं म्हणत. मग नवं तळं कुठे होतं, असं विचाराल, तर कुठेच नव्हतं. पण एखाद्या गोष्टीला जुनं म्हटलं की ती आपली वाटते, म्हणून म्हणत.

या तळ्याच्या काठावर शेवंता नावाची टिटवी राहायची. तिच्या नवऱ्याचं नाव भिवा. बाळांनो, टिटवी झाडावर घरटं बांधत नाही, ठाऊक आहे ना? ती उघड्या जमिनीवर खडे गोळा करते आणि त्यांच्यात अंडी घालते. अंडीही खड्यांसारखीच दिसतात. कधी कधी तिचं तिलाच कळत नाही, खडा कुठला आणि अंडं कुठलं. शेवंतानं एकदा पाच दिवस खडाच उबवला होता. भिवा त्यावरून अजून तिला चिडवायचा. "थोरला काही बाहेर येत नाही गं, लाजतोय बहुतेक," म्हणायचा.

शेवंताचा जीव कायम टांगणीला. गवत हललं की मान वर. सावली पडली की मान वर. दाणा टिपता टिपता मध्येच धावत येऊन अंडी मोजायची. एक, दोन, तीन, चार. चार पावलं जायची आणि पुन्हा मोजायला यायची. शेजारपाजारचे म्हणत, हिला उगीच काळजी करायची खोडच आहे.

उगीच म्हणायला काय जातं. पाच वर्षांत तिनं एकोणीस अंडी घातली होती आणि त्यातली दोन पोरं उडाली होती. बाकीची मुंगसानं खाल्ली. भर दुपारी तो वारुळाच्या बाजूनं यायचा आणि सरळ अंड्यांपाशी जायचा. मग शेवंता ओरडायची. टिटिवटीव, टिटिवटीव, टिटिवटीव. सगळं तळं दणाणून जायचं. पण नुसत्या ओरडण्यानं काय होतं? मुंगूस ते ओरडणं तोंडी लावायला घ्यायचा आणि अंडं खायचा.

टिटवी म्हणे पाय वर करून झोपते, आभाळ पडलं तर झेलता यावं म्हणून. लोक काहीही बोलतात. शेवंताला आभाळाची काळजी नव्हती. आभाळ अंडी खात नाही.

मग एका वादळात बाभळीच्या फांद्या मोडून पडल्या. शेवंता त्यांच्याकडे बघत राहिली. बघता बघता तिला सुचलं. तिनं आणि भिवानं चोचीनं ओढून ओढून एकेक काटेरी डहाळी आणली. पाय सोलवटले, पिसं गेली. पण महिनाभरात खड्यांभोवती गोल कुंपण उभं राहिलं. टिटवी वरून उडून आत जाणार. मुंगसाला पंख नाहीत.

माघ महिन्यात तिनं कुंपणात चार अंडी घातली. मुंगूस आला. त्यानं कुंपणाला तीन फेऱ्या मारल्या, नाकात काटा घालून घेतला आणि परत गेला. दहा दिवस झाले, शेवंता एकदाही ओरडली नव्हती.

"मला दुपारची झोप लागेनाशी झालीय," भिवा म्हणाला. "सवय नाही ना शांततेची."

"लागेल सवय," शेवंता म्हणाली, आणि अंडी मोजायला गेली.

तेवढ्यात पाहुणे आले.

हे पाहुणे म्हणजे करकोचे. लांब पायांचे, लांब मानेचे, चालताना सुद्धा सभेला निघाल्यासारखे दिसणारे. दरवर्षी ते हिमालयापलीकडून उडत यायचे आणि रंगपंचमी झाली की जायचे. त्यांचे पुढारी नानासाहेब करकोचे. बावीस वर्षं झाली, त्यांनी एक वर्ष चुकवलं नव्हतं. ही बावीस वर्षं ते बोलण्याच्या सुरुवातीला एकदा सांगायचे आणि शेवटी एकदा.

नानासाहेब उतरले. पंख झटकले. तळ्याला एक फेरी मारून शेवंताच्या कुंपणापाशी थांबले.

"हे काय आहे?"

"कुंपण आहे, नानासाहेब."

"ते दिसतंय. कशासाठी आहे?"

"आत अंडी आहेत."

"अंडी पूर्वीही असायची."

"असायची," शेवंता म्हणाली. "थोडा वेळ."

नानासाहेबांनी ते ऐकलं नाही. ते पलीकडे बघत होते. "बावीस वर्षांपूर्वी आम्ही आलो तेव्हा इथून सूर्य थेट पाण्यात बुडताना दिसायचा. मध्ये एक काडी नव्हती. आता बघावं तर बाभळीत बुडतो. काय होतं हे तळं. इथे यायला तेव्हा साधी वाट सुद्धा नव्हती."

शेवंताला वाटलं, उडत येणाऱ्याला वाट कशाला लागते? पण पाहुण्याला असं विचारू नये.

नानासाहेबांच्या पत्नी माईसाहेब हळूच पुढे आल्या. त्यांचा स्वभाव मऊ होता. त्यांना काहीही पाहून भरून यायचं.

"शेवंता, बाळ, तू ओरडत नाहीस आताशा?"

"नाही, माईसाहेब. कारणच पडलं नाही."

"अगं, तुझं ते ओरडणं म्हणजे या तळ्याचा प्राण. आम्ही तिकडे बर्फात असतो ना, तेव्हा डोळे मिटून तेच आठवतो. भर दुपार, कडक ऊन, आणि लांबून तुझी हाक. डोळ्यांत पाणी येतं गं."

"माझ्याही यायचं," शेवंता म्हणाली.

"बघ, किती हळवी आहेस," माईसाहेब म्हणाल्या.

शेवंताला राग आला नाही. ती साधी होती. तिला वाटलं, हे लांब राहतात, यांना इथलं ठाऊक नसेल. आईचं दुःख आईला लवकर समजेल म्हणून तिनं माईसाहेबांनाच विचारलं, "माईसाहेब, तुमच्याकडे तिकडे कोण त्रास देतं का हो अंड्यांना?"

"देतं की. कोल्हा येतो मेला. म्हणून आम्ही घरटी पार बेटावर नेली. भोवती पाणीच पाणी. फार सोय झाली बाई. लेकरांच्या बाबतीत धोका कशाला घ्यायचा?"

"आमच्याकडे मुंगूस येतो."

"हो, पण ते वेगळं," माईसाहेब म्हणाल्या. "इथे ते शोभतं."

दुसऱ्या दिवशी सगळे करकोचे काठावरच्या सपाट खडकापाशी जमले आणि त्यांनी तळ्याच्या सरपंचांना बोलावणं पाठवलं. सरपंच होते कासवआबा. कासवआबांची एक पद्धत होती. प्रश्न अवघड आला की ते मान आत घ्यायचे. त्यांनी मान आत घेतली की ठराव मंजूर झाला, असं तळ्यावर समजत. आजवर एकही ठराव नामंजूर झाला नव्हता.

"आमचं मागणं मोठं नाही," नानासाहेब म्हणाले. "फक्त आम्ही आहोत तोवर हे कुंपण काढा. आम्ही गेलो की पुन्हा लावा. आम्ही काय, रंगपंचमीपर्यंतच आहोत."

"पण अंडी पण तोवरच आहेत," शेवंता म्हणाली. "मग पिल्लं होतात आणि पळतात."

करकोच्यांमध्ये कुजबुज झाली. कुणी म्हणालं, पूर्वी इथले लोक किती साधे होते, उलट बोलत नसत. कुणी म्हणालं, पलीकडच्या डोंगरात अजून एक तळं आहे म्हणतात, तिथे अजून काहीच सुधारलेलं नाही. हे ऐकल्यावर इकडच्या बगळ्यांचे, बेडकांचे चेहरे उतरले. पाहुणे दुसरीकडे गेले तर जुन्या तळ्याला विचारणार कोण?

नानासाहेब मवाळ झाले. आवाज खाली आणून म्हणाले, "शेवंता, आमच्या बोलण्याचा राग मानू नकोस. परका असता तर बोलला नसता. आम्ही हक्कानं बोलतो. आम्हाला तू पाहुणे समजूच नकोस. आम्ही घरचेच."

शेवंतानं मान वर केली. "घरचेच?"

"घरचेच."

"अगदी घरचे?"

"बावीस वर्षं झाली, पोरी. घरचे नाही तर कोण?"

आता बाळांनो, इथेच घोटाळा झाला, नीट ऐका. टिटव्यांच्या बोलीत घरचा या शब्दाला एकच अर्थ आहे. जो आपलं पोट पाण्यात भिजवून येतो आणि भर उन्हात अंड्यांवर उभा राहतो, तो घरचा. उन्हानं अंडी तापून जाऊ नयेत म्हणून टिटवी असं करते. एक जण भिजून येतो, तोवर दुसरा उभा असतो. असा पाळीपाळीनं जो उभा राहतो त्यालाच टिटव्या घरचा म्हणतात. नात्याचा असो नसो. आणि पाळी न घेणारा सख्खा भाऊ असला तरी तो पाहुणा.

शेवंताला एकदम हलकं वाटलं. आजवर ती दोघंच होती. आता चाळीस घरचे मिळाले. तेही एवढे उंच. एवढी राखण असल्यावर कुंपणाची गरजच काय?

"मग काढा कुंपण," ती म्हणाली.

कासवआबांनी मान आत घेतली होती. ठराव मंजूर झाला.

भिवानं तिला बाजूला घेतलं. "अगं, वेडीबिडी झालीस का? ते नुसतं म्हणतात तसं."

"नुसतं कोण म्हणेल असं? घरचे आहोत म्हणाले. दोनदा विचारलं मी."

"मला बाई लक्षण ठीक दिसत नाही," भिवा म्हणाला. तो पुरुष होता, पण घाबरला की मला बाई म्हणायचा.

कुंपण ओढून बाजूला ठेवलं. त्या संध्याकाळी सूर्य थेट पाण्यात बुडाला. चाळीस करकोचे एका रांगेत उभे राहून बघत होते. माईसाहेबांना भरून आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेवंता नानासाहेबांकडे गेली. ते एका पायावर डुलक्या घेत होते.

"नानासाहेब, उठा. तुमची पाळी."

"कसली पाळी?"

"अंड्यांवर उभं राहायची. पहिली तुम्हालाच दिली, थोरले म्हणून. आधी पोट भिजवून घ्या. आणि पाय जपून, अंडी खड्यांसारखी दिसतात."

नानासाहेब हसले. मग त्यांना दिसलं की शेवंता हसत नाहीये. ते नाही म्हणणार होते, पण माईसाहेबांनी त्यांना कोपरानं ढोसलं. "जा की हो. असला अस्सल अनुभव कुणाला मिळतो? तिकडे गेल्यावर सगळ्यांना सांगता येईल. बसवलेला कार्यक्रम नाही, खरीखुरी अंडी आहेत."

म्हणून नानासाहेब गेले. पोट भिजवलं म्हणजे दोन थेंब लावून घेतले. अंड्यांवर उभे राहिले. त्यांचे पाय एवढे लांब की सावली अंड्यांवर पडेना, हातभर पलीकडे पडायची. शेवंतानं त्यांना सरकवून सरकवून जागेवर आणलं. "आता हलू नका. आणि कुणी आलं तर मला हाक मारा."

"कोण येणार आहे?" नानासाहेब म्हणाले.

भिवा चाऱ्याला गेला होता. शेवंता पाण्यावर गेली. अंडी घातल्यापासून पहिल्यांदा ती पोटभर पाणी प्यायली, सावकाश. मग ती लव्हाळ्यामागे उथळ पाण्यात बसली आणि पोट भिजवू लागली. गार वाटत होतं. डोळे मिटायला लागले. लव्हाळ्यापलीकडून नानासाहेबांचा आवाज येत होता. ते कुणाशी तरी बोलत होते. शेवंताला बरं वाटलं. सोबतीला आलं वाटतं कुणी. दुसरा करकोचा असेल.

"बावीस वर्षं झाली मला इथे येऊन," नानासाहेब सांगत होते.

"माझा तर जन्मच गेला," दुसरा आवाज म्हणाला. "माझे वडील यायचे. आजोबा यायचे."

"वा. मग तुम्ही आमच्याहून जुने. तुम्हाला तर फारच लागलं असेल हे सगळं."

"काय सांगू. या वर्षी आलो आणि बघतो तर सगळं बदललेलं. इथे काटे, तिथे काटे. पूर्वी कसं, सरळ यावं, कुणी अडवत नव्हतं. किती मोकळं होतं."

"अगदी मनातलं बोललात."

"आणि चव राहिली नाही हो पूर्वीची."

"कशातच नाही. या ना, असे जवळ या. इथून तळं छान दिसतं."

"तुमचा पाय जरा बाजूला घ्याल?"

"हो, हो, घ्या ना. परकं समजू नका."

शेवंता डोळे मिटून ऐकत होती. हा दुसरा आवाज तिनं कुठेतरी ऐकला होता. चिरका, खालच्या पट्टीतला. कुठे बरं? कधी तो बोलल्याचं तर आठवत नव्हतं. फक्त गुरगुरल्याचं आठवत होतं, तोंडात काही असताना.

मग टरफल फुटल्याचा आवाज आला, आणि लगेच दुसरा.

पाण्यातून ती कशी उठली ते तिलाही सांगता आलं नसतं. टिटिवटीव, टिटिवटीव, टिटिवटीव. तिनं मुंगसाच्या डोळ्यांवर झडप घातली. लांबून भिवा आला, त्यानं शेपटीकडून टोचा मारला. मुंगूस एकदा वळला, दोनदा वळला. मग ओठ पुसत वारुळाकडे गेला. जाताना नानासाहेबांना मान लववून गेला.

शेवंतानं मोजलं. एक, दोन. तिनं पुन्हा मोजलं. एक, दोन. खडे उलटेपालटे करून पाहिले. ते खडेच होते.

ती ओरडत राहिली.

सगळे करकोचे गोळा झाले.  माईसाहेबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"ऐकलंत?" त्या म्हणाल्या. "तीच हाक. जशीच्या तशी. मला तर वाटलं, बावीस वर्षं मागे गेले मी."

"सापडलं आपलं तळं," कुणीतरी म्हणालं.

शेवंता नानासाहेबांपुढे येऊन उभी राहिली. तिचं डोकं त्यांच्या गुडघ्याला लागत होतं. "तुम्ही हाक का नाही मारली?"

"कुणाला बघून मारायची? इतका सभ्य गृहस्थ. या तळ्यावर त्याचं किती प्रेम आहे, तू ऐकायला हवं होतंस. मला तर तो पाहुणा वाटलाच नाही. मी घरचाच, म्हणाला."

शेवंतानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा वारुळाकडे. तिला त्या शब्दाचा दुसरा अर्थ कळला. उशिरा कळला, पण कळला.

त्याच दुपारी तिनं आणि भिवानं कुंपण ओढत जागेवर आणलं. डहाळी डहाळीत अडकवली. कासवआबा चालत चालत आले, ते पोहोचेपर्यंत कुंपण पुरं झालं होतं.

"पोरी, ठराव झालाय," आबा म्हणाले. "पाहुण्यांना काय सांगू मी?"

"आबा, तुम्ही मान आत घ्या. ते समजतील काय समजायचं ते."

"त्यांना ते ओरडणं हवंय गं. नाहीतर पलीकडच्या तळ्यावर जातील. गाव मला नावं ठेवील."

शेवंतानं थोडा विचार केला. "ओरडणंच हवंय ना? ओरडते की. रोज दुपारी आणि सूर्य बुडताना. सांगा त्यांना. पण कुंपणाच्या आतून."

आणि ती खरंच ओरडली. रोज दोन वेळा, ठरल्याप्रमाणे. भिवाही साथ द्यायचा, त्याचा आवाज जरा फाटायचा. करकोचे रांगेत उभे राहून ऐकायचे. पहिल्या दिवशी त्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी अर्ध्यांनी डोलावल्या. आठव्या दिवशी कुणी दाणे टिपत होतं, कुणी पंख साफ करत होतं.

रंगपंचमीच्या आदल्या संध्याकाळी नानासाहेब कुंपणापाशी आले. शेवंता दोन अंड्यांवर बसली होती आणि ओरडत होती.

"शेवंता, खरं सांगू? राग मानू नकोस."

"सांगा ना, नानासाहेब."

"ओरडतेस तू. वेळेवर ओरडतेस. पण त्यात आता जीव नाही."

"नाही," शेवंता म्हणाली. तिनं पंख जरासा उचलून आत पाहिलं आणि पुन्हा मिटला. "जीव इथे खाली ठेवलेत. दोनच उरलेत, म्हणून."

 नानासाहेबांना ते काही समजलं नाही. सकाळी चाळीस करकोचे उडाले आणि परतीच्या वाटेवर डोंगरापलीकडच्या तळ्याकडे वळले. तिथे म्हणे अजून एकही कुंपण नव्हतं. वाटेत माईसाहेबांनी विचारलं, "आपलं ते जुनं तळं एवढं कसं हो बदललं?"

"तळं तेच आहे," नानासाहेब म्हणाले. "टिटवी बिघडली."

तात्पर्य : अंडे फुटले तर टिटवी पुढच्या वर्षी दुसरे घालते. पण पाहुण्याची आठवण एकदा तडकली, तर ती पुन्हा कोणी घालावी? म्हणून शहाण्या यजमानाने आधी पाहुण्यांच्या आठवणी उबवाव्यात. स्वतःची पिल्ले काय, ज्यांना जगायचे असते ती कुठेही जगतात.